पुष्पलताबाईंची एकच अट

पासपोर्टच्या फोटोसाठी बसण्याआधीच पुष्पलताबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "येते मी आफ्रिकेत. पण सांगून ठेवते, तिथं चुलीले हात लावणार नाही. चहाले बी नाही."

"अवं, कोण सांगून राहिलं तुले हात लावाले?" श्रीधरराव म्हणाले. "तू फक्त बसाचं."

बसायचं! बाईंना दुसरं काही नकोच होतं. बाईमाणसाला परदेश म्हणजे खरेदी आणि फोटो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तांडापेठेत येऊन सावजी भोजनालय चालवून पाहावं. सकाळी मटण पाहून घ्या, दुपारी कांदा-खोबरं भाजा, दिवे लागले की गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक तरी कसं? नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी 'वहिनी, अजून तर्री' म्हणून वाटी पुढे. लग्न होऊन आल्यापासून बाई उभ्याच होत्या. पायांच्या शिरा फुगून निळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, आराम करा. घरच्यांनी माना डोलावल्या आणि सगळे जेवायला बसले.

आता तुम्ही म्हणाल, हाताखाली माणूस ठेवायचा. ठेवला होता की! कांदा चिरायला कुणी होतं, भाकरी थापायला कुणी होतं. पण मसाला? तो सासूने एका दुपारी दार लावून त्यांना शिकवला होता आणि वर दम दिला होता, "पोटच्या पोराले सांगू नको. सांगतलं का तुयी किंमत गेली." तेव्हापासून बाई दार लावून भाजत, दार लावून वाटत आणि भांड्यात कधी काय पडतं हे कुणाच्या नजरेस पडू देत नसत. श्रीधरराव बाहेर गल्ल्यावर. त्या दाराआड काय चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. बाईंना त्याचा तोरा होता, उगाच खोटं कशाला बोला. पण तापाने फणफणल्या तरी उठावं लागायचं, ते याच तोऱ्यापायी.

शिकारीचं खूळ प्रीतमचं. प्रीतम म्हणजे श्रीधररावांचा बालमित्र, कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा अडत्या. बाईंचा मुलगा अमोल नामिबियात सोलरच्या कंपनीत आहे. तिकडचे शेतमालक आपल्या अफाट रानात हरणं राखतात आणि रीतसर परवान्याने शिकार करू देतात, असं त्याने फोनवर सांगितलं आणि प्रीतम पेटलाच. "इथं सशावर दगड मारला तरी जेल हाय बे श्रीधर. जाऊन येऊ एकदा!" प्रीतमची बायको भावनाही तयार झाली. मग काय, भोजनालयाला कुलूप लागलं.

विमानं बदलत, रांगांत उभं राहत, तिकडे अमोलला सोबत घेऊन ही वरात नामिबियाच्या त्या रानातल्या मुक्कामी पोहोचली, तेव्हा बाईंचे पाय चपलेत मावत नव्हते. आपल्याकडे उन्हाळा नुकता सरलेला आणि तिकडे हुडहुडी भरवणारी थंडी. जेवण मार्था नावाची तिथली स्वयंपाकीण करायची. थोराड, सावकाश चालणारी बाई. तिने वाढलेलं भाजलेलं मांस आणि मक्याचा घट्ट गोळा पाहून प्रीतमने नाक मुरडलं. "वहिनी, हे तर दवाखान्यातलं जेवन हाय." कुणीतरी वाढलेलं गरम ताट समोर होतं, बाई निमूट जेवल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळे उघड्या गाडीतून रानात निघाले. वाटाड्या होता योहान, उंचापुरा गोरा माणूस. पुढे गाडी सोडून पायी चालायचं होतं. योहानने ओठावर बोट ठेवलं आणि सगळे गप्प झाले. प्रीतमसुद्धा! एकामागे एक, वारा तोंडावर घेत, पिवळ्या गवतातून चालायचं. कुणी हाक मारायची नाही, कुणी काही मागायचं नाही. शिकारीत बोलायचं नसतं हे बाईंना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर त्या कधीच्याच शिकारीला निघाल्या असत्या.

थोडं चालून त्यांचे पाय भरून आले. अमोलने खूण केली, तू इथंच बस. बाभळीसारखं एक काटेरी झाड होतं. त्याच्या बुंध्याला टेकून बाई बसल्या, सोबतीला योहानचा माणूस थांबला. लांब पठारावर हरणं चरत होती, पांढऱ्या पोटांची, अंगावर तपकिरी पट्टा असलेली. एखादं मधूनच टुणकन हवेत उडी घ्यायचं, काही कारण नसताना. बाई बघत राहिल्या. किती दिवसांत त्यांनी काही नुसतं बघितलंच नव्हतं. ऊन अंगावर आलं, खांदे सैल पडले आणि त्यांचा बसल्या बसल्या डोळा लागला.

बंदुकीच्या आवाजानेच त्या जाग्या झाल्या. तीन काठ्यांच्या टेकणीवर बंदूक ठेवून श्रीधररावांनी एक हरीण पाडलं होतं. स्प्रिंगबॉक म्हणतात त्याला. एका गोळीत! मग काय विचारता, मिठ्या, फोटो, प्रीतमच्या आरोळ्या. बाईंनी जवळ जाऊन हरणाच्या मानेवरून हात फिरवला. अंग अजून ऊन होतं. त्यांनी हात काढून घेतला.

"उद्या कुडू," योहान म्हणाला आणि अमोलने समजावून सांगितलं. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं जनावर. त्याच्यासाठी टेकडीवर दबा धरून दुपारपर्यंत बसावं लागतं. हलायचं नाही, बोलायचं नाही. बाईंनी तेवढंच ऐकलं. दुपारपर्यंत बसायचं! "मी येईन," त्या लगेच म्हणाल्या.

आणि संध्याकाळी माशी शिंकली. श्रीधररावांनी बॅगेतून एक पिशवी काढून टेबलावर उपडी केली. धने, लवंगा, दगडफूल, खसखस, जवस, सुक्या मिरच्या, आणखी कायकाय. बाई बघतच राहिल्या. तयार मसाल्याचा डबा हाती लागला नाही, आणि त्यात काय पडतं हे माहीत नाही, म्हणून या माणसाने किराणा दुकानात दिसलं ते सगळं थोडं थोडं बांधून आणलं होतं. ओवा आणि हिंगसुद्धा.

"शिकार मायी, मसाला तुया," ते लाडात म्हणाले. "उद्या आमी कुडू घेऊन येतो, तोवर तू रांध. दुपारी गरम गरम सावजी!"

"तुमी कबूल केलं होतं, अमोलचे बाबा."

"एक दिवस तं हाय वं. ह्या बिचाऱ्या हरणाचं सार्थक नको कराले?"

"वहिनी, तुमच्या हाताची सर कोनाले हाय?" प्रीतमने री ओढली. भावना म्हणाली, मी कांदे चिरून देते. अमोल बिचारा म्हणाला, "आई, नको करू तू, राहू दे," आणि लगेच पिशवीकडे पाहून, "पण झालं तर... लई दिवस झाले खाऊन." सगळे हसले.

बाईंना हसू आलं नाही. रागाचंही त्राण उरलं नव्हतं. झाडाखालची ती डुलकी आठवली आणि त्या अगदी रडकुंडीला आल्या. आता स्वयंपाकघरात जायचं, दार लावायचं आणि पुन्हा उभं राहायचं. आफ्रिकेत येऊनसुद्धा!

सवयीने त्या पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेल्या. मार्था भांडी पुसत होती. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे. तिने एक खुर्ची ओढली आणि बोटाने दाखवलं, बस. बाई बसल्या. बसल्यावर मात्र त्यांना कळून चुकलं की आता आपल्याच्याने उठवणार नाही. दार लावायलासुद्धा नाही.

"अमोल!" त्यांनी हाक मारली. "बाबाले घेऊन ये. मी सांगते ते मार्थाबाईले तुया इंग्रजीत सांग."

श्रीधरराव दारातच थबकले. "सगळ्यांसमोर? पुष्पा, मायनं तुले काय सांगतलं होतं?"

"तुमची माय कुडू पाहाले निघाली नव्हती. या आत. तुमाले रांधाचं हाय उद्या."

"मी? आन मंग कुडू?"

"कुडू मी पाहीन."

मग बाईंनी सांगितलं. काय घ्यायचं, किती घ्यायचं, आधी काय भाजायचं, कशाला फक्त धग दाखवायची, पाणी कधी घालायचं आणि पीठ कधी लावायचं. ओवा-हिंग बाजूला सारलं. ते प्रमाण मी इथं लिहीन असं वाटत असेल, तर आशा सोडा, ती बाईंची वस्तू. मार्था मान हलवत होती, अमोल दोन्ही भाषांत घामाघूम झाला होता आणि श्रीधरराव शाळेतल्या पोरासारखे हात बांधून उभे होते. सांगताना एकदा बाई थांबल्या. सासूचं म्हणणं मनात घुमत होतं. किंमत गेली. गेली तर गेली, त्यांनी ठरवलं, आणि पुढचं सांगितलं.

सकाळी त्या प्रीतम, अमोल आणि भावनासोबत टेकडीवर गेल्या. बसल्या. गार वारा, खाली झुडपं, कुणाचा शब्द नाही. ऊन चढल्यावर कुडू आला, खरोखरच मोठा, पिळदार शिंगं मागे टाकून झाडपाला ओरबाडणारा. प्रीतमचा नेम चुकला, गोळी हवेत गेली आणि कुडू दोन ढांगांत नाहीसा झाला. प्रीतमचं तोंड पडलं. बाईंना मनातून बरं वाटलं. पण सकाळभर डोळा काही लागला नव्हता. सारखं वाटत होतं, तिकडं खोबरं करपलं असेल, मीठ राहिलं असेल. खरं सांगायचं तर काहीतरी बिघडावं असंही वाटत होतं. आपल्यावाचून ते जमू नये, एवढी तरी किंमत राहावी.

परत आल्या तेव्हा ओसरीत ताटं मांडलेली होती. श्रीधरराव कमरेला टॉवेल गुंडाळून, मिरचीने लाल झालेले डोळे पुसत उभे. मार्थाने वाढलं. आधी बाईंना.

प्रीतमने पहिला घास घेतला आणि टेबलावर हात आपटला. "अरे! एकदम तसंच! वहिनीच्या हातचंच हाय हे!"

बाईंनी मक्याच्या गोळ्याचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात घातला. तसंच होतं. रतीभरही कमी नव्हतं. श्रीधरराव जवळ येऊन वाकले. "कसं झालं वं?"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. श्रीधररावांनी घाईने पाण्याचा गिलास पुढे केला. "तिखट पडलं का? मिरच्या जास्त झाल्या?"

"नाही, तिखट नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर झालं. एका संध्याकाळात शिकले तुमी. एका संध्याकाळात! आन मी सारा जलम उभी राहिली."

प्रीतमने हातातला घास खाली ठेवला. श्रीधरराव गिलास धरून तसेच उभे होते. म्हणाले, "मी कधी इचारलंच नाही."

"आन मी कधी सांगतलं नाही," बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि वाटी पुढे केली. "वाढा आता. गरम हाय तोवर खाऊ द्या मले."