किडा खाऊन राहिला

नाकतोडा उडायला पंख उघडतो, त्या क्षणी एक परजीवी माशी त्याच्यावर झडप घालते आणि पंखाखालच्या मऊ कातडीवर जिवंत अळी टाकून निघून जाते. अळी आत शिरते. पुढे कित्येक दिवस नाकतोडा पानं कुरतडतो, उड्या मारतो आणि आतून अळी त्याला खात असते. शेवटी अळी बाहेर पडते, मातीत शिरते, कोष करते. माती मिळाली नाही तर सुकून मरते.

एखाद्यात तरी अशी अळी निघेल म्हणून अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मी नाकतोडे जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले होते. माशी कोणत्या जातीची, हे कळायला अळीची माशी व्हावी लागते. पिंजऱ्यांची निगा रोजंदारीवरच्या एक बाई राखत. सासऱ्यांच्या तेरवीला अमरावतीला जाताना मी त्यांना बजावलं, "नाकतोड्याच्या आत हालचाल दिसली की फोन करा. अळीसाठी माती भरून ठेवलेल्या बरणीला हात लावू नका, ते मी येऊन करीन." दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंगत वाढत असताना फोन आला.

"सर, तीन नंबरचा किडा खाऊन राहिला जी."

"मग खाऊ द्या ना!" मी फोन ठेवला.

आमच्याकडे नाकतोडाही किडा आणि अळीही किडा. मी नाकतोडा समजलो. खातोय, म्हणजे बरा आहे.

परतलो तेव्हा नाकतोड्याचं नुसतं टरफल उरलं होतं आणि अळी पिंजऱ्याच्या पत्र्याच्या तळावर तांदळाच्या दाण्यासारखी वाळली होती. त्या हंगामात मिळालेली ती एकच.

विभागप्रमुखांनी विचारलं. बाई समोरच उभ्या होत्या. मी म्हणालो, "बाईंनी लक्ष दिलं नाही."

"म्या फोन केला व्हता ना, सर. सांगतलं, किडा खाऊन राहिला म्हणून."

"असं बोलल्यावर कोणाला काय समजणार? आधी नीट मराठी बोलायला शिका."

प्रमुख हसले. बाईंनी मान खाली घातली. मी स्वतः चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातला. आई अजून फोनवर विचारते, "जेवून राहिला का रे?" आणि मला सगळं समजतं. बाईंचंही समजलं असतं. 'कोणता किडा?' एवढंच विचारायचं होतं.

सोमवारपासून येऊ नका, असं त्यांना कार्यालयातून सांगण्यात आलं. मी शेजारच्याच खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

वर्षभराने त्या बसस्टँडवर भेटल्या. ओळख त्यांनीच दिली.

"सर, मंग ते माशी कशी व्हती, समजलं का?"

"नाही."

"मले तं पाह्याची व्हती. रोज पाला टाकू टाकू मीच वाढवलं व्हतं ना सारं."

बस लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. चूक माझी होती, एवढं सांगायला वेळ होता. मी म्हणालो, "मागे जागा आहे, बाई."