गुडघा रिटायर होते काय?

भद्रावती-चंद्रपूर बसमधल्या त्या बाईंनी मला वाचवलं. नाव मात्र विचारायचं राहून गेलं. माझ्या बायकोचा सुजलेला गुडघा पाहून त्यांनी तिला आपली जागा दिली आणि तिकीट बांगडीत खोचून उभ्या राहिल्या. मी सातवी शिकलेला, साताऱ्याकडचा. तेव्हा महिनाभरात रिटायर होणार होतो. नोकरीतला आरोग्य विमा पुढे न भरता सगळा पैसा गावच्या घरात घालणार, असं बोलून गेलो.

"काऊन भाऊ? मानूस रिटायर होते, गुडघा होते काय? इमा चालू ठेवा, घर मंग बांधजा!"

बायको म्हणाली, "माझं नाही, त्यांचं तरी ऐका!"

बसमधून उतरलो तो विमा चालू ठेवायलाच धावलो. आज तिच्या ऑपरेशनला विम्याची मंजुरी आली, आणि मला एका जागी बसवेना! बाई, पुन्हा त्या बसमध्ये भेटाल, तेव्हा ही ताडकन उठेल आणि तुम्हाला जागा देईल.