सीआरपी तीन

४ ऑगस्ट २०२५, सकाळचे १०:४०. बाह्यरुग्ण विभागात माझ्यासमोर शहागंजातल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई सुनेसह बसल्या होत्या. कानशिले ठणकत होती, केस विंचरताना टाळू हुळहुळत होती, भाकरी चावताना जबडा भरून येत होता. दोन दिवसांपासून डाव्या डोळ्यापुढे धूर होता. कानशिलाच्या धमनीला सूज आली असेल, तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. आणि गेलेली दृष्टी सहसा परतत नाही.

अहवाल मात्र माझ्या बाजूने नव्हता. शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी तीन, म्हणजे निर्दोष. तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, ईएसआर, मात्र अठ्ठ्याऐंशी, बराच वाढलेला.

“या वयात ईएसआर वाढतोच, त्यात बाईंना रक्त कमी,” माझे वरिष्ठ डॉक्टर म्हणाले. “सीआरपी बघा. मानेचा मणका आहे हा. तुम्हाला प्रत्येक डोकेदुखीत शोधनिबंध दिसतो.”

आक्षेप रास्त होता, टोमणाही. पण सीआरपी एक-दोन दिवसांत उतरते, ईएसआर आठवडे रेंगाळतो. दोन्हींचे जमत नसेल, तर मधल्या दिवसांत काहीतरी घडलेले असते.

“अम्मी, कुठलं औषध चालू आहे?”

“नाय बेटा, काहीच नाय.”

मी सुनेकडे वळले. “एखादी पुडी वगैरे?”

“पुडी व्हय. गुडघ्यासाठी नणंदेनं चिकलठाण्याहून आणून दिली. चार-पाच दिवस झाले. पण ती काय औषध थोडीच हाय?”

“तिच्यानंच डोकं हलकं झालं,” अम्मी म्हणाल्या. “तुमच्या गोळ्यांपेक्षा लई भारी.”

अशा पुड्यांत पुष्कळदा दाह दाबणारे स्टेरॉइड कुटलेले असते. त्याने सीआरपी खाली आणली होती. धमनीची सूज पुरती उतरवण्याइतकी मात्रा त्यात नव्हती. सुनेच्या पर्समधली पुडी मी वरिष्ठांसमोर ठेवली. त्यांनी ती उलगडली, पांढरी भुकटी पाहिली.

“धमनीची बायोप्सी नंतर,” ते म्हणाले. “आधी सलाइन लावा.”

तासाभरात शिरेतून स्टेरॉइडची पूर्ण मात्रा सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी दृष्टी तपासली. डाव्या डोळ्याला समोर धरलेली बोटेही मोजता आली नाहीत.

“हा येईल का परत?”

“नाही, अम्मी.”

त्या डाव्या डोळ्यावर स्वतःच तळहात ठेवून समोरचा आकड्यांचा तक्ता वाचू लागल्या, सावकाश, वरून खाली. त्या थांबल्या तेव्हा मी नोंद केली: उजवा डोळा शाबूत, ६/९.