गांडुळांची वेठ

संस्थानच्या कुणा पाहुण्याला मासे धरायची हौस आली, म्हणून आमच्या उत्रोलीतल्या घरटी एका माणसानं नदीकाठी जाऊन जिवंत गांडुळं धरावीत, असा हुकूम सुटला. मजुरी नाही, भाकर नाही. याला वेठ म्हणतात. आमचे लोक 'वरचं काम' म्हणत. असल्या गोड शब्दांनीच रयतेचा घात केला आहे.

हुकूम आला तो नेमका माझ्या आत्याच्या इर्जिकीच्या दिवशी. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाची भातलावणी उरकायची आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आत्या एकटी बाई. तिची रोपं लावणीला आली होती. दिवस हुकला तर पाळी सगळ्यांच्या मागून, तोवर रोपं जून होऊन वाया जाणार.

मी नदीकाठच्या खडकावर चढून बजावलं की एकानंही चिखलात हात घालू नये. लोक वाकून ऐकत होते. वाकून अशासाठी, की गांडुळं धरत होते. गांडूळ निम्मं बिळात असतं. ओढलं की तुटतं, आणि तुटलेलं चालणार नव्हतं. चिमटीत धरून ते आपण होऊन ढिलं पडायची वाट बघावी लागे. "जरा हळू बोल की," एक म्हातारा म्हणाला, "ह्ये आत वढून घेतंय." माझ्या भाषणाचा परिणाम झाला तो एवढाच.

न्याहारीच्या आत गाडगं भरून पाटलांच्या घरी पोचलं आणि सगळे आत्याच्या खाचरात उतरले. आता, गावातून राजाकडं काहीही जायचं ते हळद-कुंकू वाहूनच, ही जुनी रीत. पाटलीणबाईंचा हात सढळ. गाडगं न्यायला आलेल्या संस्थानच्या कारकुनानं वरचं फडकं काढलं तेव्हा आत नवरीसारखी पिवळी झालेली गांडुळं, आणि सगळी मेलेली.

कारकून तणतणत बांधावर आला. सगळ्यांनी पुन्हा नदीवर चला, म्हणाला. निम्मं खाचर रिकामं होतं. मी खिशातलं वेठीविरुद्धचं पत्रक काढून वाचायला घेतलं, तर आत्यानं मला गप बसवलं.

"रावसाहेब, नदीवर कशाला? हितं चिखलात लई हायती. या, दावते."

त्यानं पायताण काढलं, धोतर खोचलं आणि तो आत उतरला. आत्यानं लगेच त्याच्या हातात रोपांची मूठ ठेवली.

"इर्जिकीच्या खाचरात पाय लागला की लावणी केल्याबिगर वर येऊ न्हाई. पीक रुसतं."

तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. बाया हात थांबवून त्याच्याकडं बघत राहिल्या. भात रुसलं तर वर जाब कुणाला विचारतील, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो वाकला. एक मूठ संपली की दुसरी तयार. मागून एक बाई गांडुळं वेचून गाडग्यात टाकत होती. तिकडं पाहुणा गळ धरून बसला असेल. बसो बापडा.

दिवस कलायच्या आत खाचर हिरवं झालं. मी आत्याला सुनावलं, फुकट राबवून घेणं ते कारकुनाचं असलं तरी वेठच.

"फुकट कुठं?" ती म्हणाली. "जेवायला बसव त्याला."

बसवावं लागलं. तेही माझ्याच शेजारी. त्याला कमरेत वाकून पातेल्यापर्यंत हात नेता येईना, म्हणून कालवण मीच वाढलं.