लाईट गेली की बातम्या

आमच्या गिरणीत वर्तमानपत्र फक्त लाईट गेल्यावर वाचलं जातं. लाईट असेपर्यंत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मोटार गुरगुरते, पट्टा फडफडतो आणि बाकड्यावर बसलेल्या बायका एकमेकींशी हातवारे करून बोलतात. लाईट गेली की सगळं एकदम शांत होतं. पीठ थोडा वेळ हवेतच राहतं. मग आमचे हे स्टुलावर बसतात आणि गळ्यातल्या उपरण्यानं चष्मा पुसतात. चष्मा पुसला की बायकांना कळतं, आता बातम्या.

आमचं गाव शेवगावच्या पुढं, कोरडवाहू भागात. निम्मं गाव दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. राहिलेलं गाव ज्वारी-बाजरी खातं, त्यामुळं गिरणी चालते. लग्न होऊन मी नेवाशाकडून इथं आले तेव्हापासून दळण मोजून घेणं माझ्याकडं आणि दगड सांभाळणं ह्यांच्याकडं. बातम्यांचीही अशीच वाटणी झालेली. वाचायचं ह्यांनी, बोलायचं मी.

राजकारणाचं पान हे वाचत नाहीत. ते गावात फुकट ऐकायला मिळतं म्हणतात. वाचणार आतल्या पानावरचं, नवी यंत्रं, नव्या कंपन्या, शास्त्रज्ञांनी काय शोधलं ते. वाचणंही असं कोरडं, की तलाठी सातबारा वाचतोय असं वाटावं. बातमी संपली की पेपर थोडा खाली घेऊन चष्म्यावरून माझ्याकडं बघतात. म्हणजे आता माझी पाळी.

एकदा घडी घालता येणाऱ्या मोबाईलची बातमी होती. मी म्हणाले, "ह्यांना लग्न झाल्यापासनं चादरीची घडी घालता आली न्हाई, मोबाईलची काय घालनार?" एकदा एका कंपनीची बातमी होती, दहा मिनिटांत किराणा घरपोच. मी म्हणाले, "आपल्याकडं दहा मिनिटांत दुकानदार गल्ल्यावरनं उठत बी न्हाई." एक कंपनी म्हणे वर्षानुवर्षं तोट्यात, तरी मालक श्रीमंतच होत चाललाय. "मग आपन दळन कशाला दळतोय? आपन बी नुसता तोटाच करत बसू की." बायका खो खो हसतात. हे मात्र कधी हसत नाहीत. गंभीर चेहऱ्यानं पान उलटतात आणि पुढची बातमी वाचतात. त्या न हसण्यानंच माझा विनोद दुप्पट व्हायचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

सगळेच विनोद माझे असत असं नाही. आपलं यान चंद्रावर उतरल्याची बातमी आली त्या दिवशी एका म्हातारीनं विचारलं, "तिथं लाईट असती का?" ह्यांनी शांतपणे सांगितलं की तिथं चौदा दिवस उजेड असतो आणि चौदा दिवस अंधार. म्हातारी म्हणाली, "म्हंजी आपल्यापरीस बरं. कवा येनार ते ठरल्यालं तरी हाय." ऊस तोडणाऱ्या यंत्राची बातमी आली तेव्हा बाकडं गप्प झालं, कारण त्यावर बसलेल्या निम्म्या बायकांच्या हातातला कोयताच ते यंत्र काढून घेणार होतं. माझीही जीभ चालेना. मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, "यंतराला कोयता द्या आन मला ड्रायव्हर करा." त्या दिवशी मी हार मानली.

एका बातमीचा मात्र मला शब्दन् शब्द आठवतो. मेंदूत रक्ताची गुठळी झाली तर पहिल्या काही तासांत इंजेक्शन देऊन ती विरघळवता येते, वेळ गेली तर मग उपयोग होत नाही. तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं, बोलणं अडखळणं, असं काही दिसलं की थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हे नेहमीसारखे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "गुठळी इरघळती तर हट्ट बी इरघळतो का इचारा. उद्याच नेते तुमाला." बाकडं हसलं. ह्यांनी पान उलटलं.

त्यानंतरच्या वर्षी दसरा झाला आणि तोडीला जाणाऱ्यांची गडबड उडाली. कारखान्यावर पोचून चूल मांडेपर्यंत पीठ हाताशी हवं, म्हणून त्या दिवसांत गिरणीत डब्याला डबा लागतो. बुधवार होता. बुधवारी आमच्याकडं अकराला लाईट जाते. ती गेली, ह्यांनी चष्मा पुसला आणि बातमी काढली, हुबेहूब माणसासारखं बोलणाऱ्या संगणकाची.

पहिलं वाक्य नीट वाचलं. दुसऱ्यात शब्द एकमेकांत अडकायला लागले. "संग... संगन... बोलक... बो..." बाकडं खदाखदा हसलं. "अगं बया, मामा मशिनीची नक्कल करायलेत!" कुणी मांडीवर थाप मारली. ह्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तसंच झालं. आता तर दारातल्या बायकाही आत येऊन हसायला लागल्या.

मी हसले नाही. विनोद हे माझं खातं होतं आणि इतक्या वर्षांत ह्यांनी त्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. उजवीकडचा ओठ खाली ओघळला होता. तेवढ्यात पेपर हातातून सुटला आणि पिठावर पडला. हसणं थांबायला तरीही थोडा वेळ लागला. त्या बायकांना मी कधी बोल लावला नाही. गिरणीत बातमी वाचली की हसायचं, ही सवय आम्हीच तर लावली होती.

समोर खतांच्या दुकानाचे मालक आहेत, ते धावत आले. "लकवा हाय, वहिनी! दम धरा, मी पारवा आनतो. पारव्याचं रक्त चोळलं की हात हालतो. आमच्या चुलत्याला गुन आलाय." आणि पळाले सुद्धा. देवळाच्या माळवदावर पारव्यांचा थवा असतो. गावात कुणी त्यांना नावं ठेवली नसती, सगळीकडं हेच करतात. माझ्या लग्नाआधी माझ्या आजोबांना हेच केलं होतं आणि ते पुढं कधी बोलले नाहीत.

मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आणि माझ्या कानात ह्यांचाच आवाज आला, कोरडा, तलाठ्यासारखा. पहिल्या काही तासांत. वेळ गेली तर उपयोग होत नाही. जी बातमी मी हसण्यावारी नेली होती, ती ह्यांनी इतकी सरळ, इतकी स्वच्छ वाचली होती, की एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता.

खतवाले भाऊ परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात पारवा होता आणि दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. मी किल्लीकडं बोट दाखवून ओरडले, "त्यो सोडा आन गाडी काढा! नगरला जायचंय, आत्ताच्या आत्ता!" एरवी ते माझ्याशी तासभर वाद घालतात. त्या दिवशी लगेच ऐकलं. पारवा सोडला, गाडी काढली. बायकांनी ह्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं, हात पिठानं भरलेले तसेच. शेवगावच्या डॉक्टरांनी गाडीतच बघितलं आणि इथं वेळ घालवू नका म्हणून नगरला फोन लावला. करंजी घाट कधी आला, कधी गेला, मला आठवत नाही. मी फक्त ह्यांचा उजवा हात धरून होते आणि तो माझा हात धरत नव्हता.

नगरच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "नक्की किती वाजता सुरू झालं? अंदाजे नको, नक्की सांगा. इंजेक्शन त्यावर अवलंबून आहे."

मी म्हणाले, "लाईट गेल्या गेल्या. एक बातमीसुदीक पुरी झाली न्हवती."

"लाईट कधी गेली?"

"बुधवार हाय ना? अकराला."

डॉक्टरांनी खतवाल्या भाऊंकडं बघितलं. ते म्हणाले, "अकराच. आमच्याकडं घड्याळ चुकंल, लाईट जायची चुकायची न्हाई." डोक्याचा फोटो काढला आणि इंजेक्शन दिलं. वेळेत होतो आम्ही. लाईटच्या नावानं मी जन्मभर बोटं मोडली होती. त्या दिवशी तिच्याच जाण्यानं माझ्या माणसाला वाचवलं, आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वीज मंडळाच्या वायरमनपासून इंजेक्शन शोधणाऱ्या न पाहिलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडले. पेपरवाल्यालाही.

हात हळूहळू परत आला. दिवाळीपर्यंत ह्यांनी भाकरी मोडून खाल्ली. बोलणं मात्र आलं नाही. सगळं कळत होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. मीठ हवं असलं की "ते... ते..." म्हणत बोटानं दाखवायचे, आणि मी लगेच "मीठ?" म्हणून पुढं करायची. बोलायला शिकवणाऱ्या एक ताई नगरला होत्या, त्या मलाच रागावल्या. "काकू, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जागा सोडा. कितीही वेळ लागू दे, जागा सोडून गप्प बसा." मला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय शिक्षा असते, ते आमच्या गावाला विचारावं.

पण मला खरी धास्ती वेगळीच होती. हे गिरणीत यायला तयार नव्हते. गिरणीचं नाव काढलं की मान फिरवायचे. आपल्याला लोक हसले, ते ह्यांच्या मनात रुतून बसलं होतं. दवाखान्यानं माणूस परत दिला होता, पण स्टूल रिकामंच होतं. गिरणी मी आणि एक गडी मिळून चालवत होतो. लाईट गेली की बायका मोबाईलमध्ये डोकं घालायच्या. एकदा मीच वाचलं आणि मीच बोलले. स्वतःच्या पानात स्वतःच वाढून स्वतःलाच आग्रह करावा, तसं वाटलं. परत वाचलं नाही.

गुढीपाडवा झाल्यावर तोडीची माणसं परतली. त्या दिवशी हसलेल्या बायका आधी आपापल्या घरी न जाता आमच्या दारात आल्या, अंगावर प्रवासाची धूळ तशीच. यंत्राचा ड्रायव्हर व्हायला निघालेली ती पुढं झाली. "मामा, आमी हसलो. आमाला वाटलं तुमी नक्कल करताय. कारखान्याचा पट्टा पडूस्तवर, सबंद हंगाम झोप लागली न्हाई बगा." आणि ती रडायला लागली. ह्यांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. काहीतरी बोलायचं होतं ते आलं नाही. मग उठले, उपरणं गळ्यात घातलं आणि पायात वहाणा सरकवून थेट गिरणीकडं चालायला लागले. आम्ही सगळ्या मागून.

हे स्टुलावर बसले. पुढं कितीतरी दिवस नुसतेच बसायचे, पण बसायचे. मी बातमी वाचायची आणि बायका ह्यांच्याकडं न बघितल्यासारखं करायच्या.

मग उन्हाळ्यात एका दिवशी लाईट गेली आणि मी माझा चष्मा लावून वाचायला घेतलं, "माणसाच्या मेंदूत बारीक चिप बसवायचे प्रयोग चालू आहेत. मनात जे येईल ते बोलल्याशिवाय आपोआप पडद्यावर लिहून येतं." माझ्या जिभेवर दोन उत्तरं तयार होती आणि दोन्ही चांगली होती. मी ती गिळली. पेपर थोडा खाली घेतला आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडं बघितलं.

पत्र्यावर पारव्यांची पावलं वाजत होती. ह्यांचे ओठ हलले.

"हिला..."

एक बाई पुढचा शब्द सांगायला गेली, शेजारणीनं तिचा हात दाबला.

"हिला... नको." मग पुन्हा खूप वेळ. "पडदा... पुरायचा न्हाई."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जे हसू फुटलं, त्यानं खतवाले भाऊ दुकान टाकून पळत आले. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या खात्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं, तेही माझ्यावरच. हे मात्र नेहमीसारखे गंभीर. ज्या हातातून पेपर सुटला होता, त्याच हातानं त्यांनी मला खूण केली, पान उलट.

मी उलटलं, पण मला अक्षर दिसेना. डोळे वाहत होते. ह्यांनी वाकून माझ्या नाकावरचा चष्मा काढला, गळ्यातल्या उपरण्यानं पुसला आणि परत माझ्या डोळ्यांवर ठेवला. तोवर वरचा दिवा लागला होता, केव्हा कोण जाणे. एकही बाई डब्याला हात लावायला उठली नाही, आणि मी पुढची बातमी वाचायला घेतली.