दिवसा झोपणाऱ्याचं घर

अंजनाबाई लग्न होऊन हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात आली, तेव्हा सासूनं तिला आधी भांडी आवाज न करता घासायला शिकवलं. नवरा देवीदास उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा. झोप मोडली तर रात्री भट्टीपाशी त्याचा तोल जाईल, ही सगळ्यांना धास्ती. त्यामुळे कुकर शिट्टीआधीच उतरायचा, कडीला चिंधी बांधलेली असायची आणि मूल रडलं की अंजनाबाई त्याला घेऊन रस्त्यावर जायची.

देवीदास रिटायर झाला. आता तो रात्री झोपतो, दिवसा मोठ्यानं टीव्ही लावतो. अंजनाबाई मात्र कुजबुजतच राहिली. वाटी पडली तरी तिची छाती धडधडे, हात गार पडत. मान कायम आखडलेली, खाल्लेलं अंगी लागेना.

"गॅस हाये तुले. ओवा खा," देवीदास म्हणायचा.

"दरवेळी गॅसच का? मी काय सिलिंडर हाये?"

शेवटी ती एकटीच डॉक्टरणीकडे गेली. तपासण्या ठीक निघाल्या. "बीमारी नहीं है," डॉक्टरीण म्हणाली.

"म्हणजे नाटक करून राहिली का मी?"

"नहीं दीदी, तकलीफ सच्ची है. इतने साल डर-डर के चले हो, शरीर अब भी पहरे पर खड़ा है. उसको छुट्टी आपको देनी पड़ेगी."

छुट्टी कशी द्यायची ते तिला उमगलं नाही. मग मुलगा बुद्धभूषण त्याच मिलमध्ये लागला.

"पोट्ट्याची रात्रपाळी हाये. उद्यापासून घरात आवाज नको," देवीदासनं बजावलं आणि स्वतःच टीव्ही बारीक केला.

तेवढ्यानंच अंजनाबाईची मान ताठरली. या खेपेला तिनं तिथं हात लावून पाहिलं. दुखणं कुठून येतं ते तिला कळलं.

"नाही," ती म्हणाली. "तो गच्चीवरच्या खोलीत झोपेल."

"मम्मी, ऊपर बहुत तपता है," बुद्धभूषण कुरकुरला.

"कूलर लाव. खिडक्यांना खसच्या ताट्या बांध. मी पाणी मारीन."

"अन् झोप नाही झाली, पोट्टा भट्टीपाशी पडला तं?" देवीदासनं विचारलं.

याच वाक्यानं तिला आयुष्यभर गप्प ठेवलं होतं. आताही तिचे हात गार पडले. तिनं ते पदराला पुसले.

"त्याच्या झोपेची सोय मी करून राहिली ना? पण माह्या तोंडावर हात ठेवून नाही करणार."

बुद्धभूषण बापाकडे बघत होता. मग उठून गच्चीवरचं अडगळीचं सामान काढायला गेला. संध्याकाळपर्यंत माय-लेकानं खोली रिकामी केली.

पहिल्या रात्रपाळीहून तो आला, जेवला आणि वर जाऊन झोपला. अंजनाबाई दारात आली. समोरच्या घरातली भावना अंगण झाडत होती. रोज अंजनाबाई रस्ता ओलांडून तिच्या कानाशी जाऊन बोलायची. आज ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"भावना, कढीपत्ता हाये का?"

आवाज अर्ध्यातच फाटला. छाती धडधडत होती. भावनाला ऐकूच गेलं नाही. ती झाडतच राहिली.

अंजनाबाईनं श्वास घेतला आणि आणखी मोठ्यानं हाक मारली.