माझ्या नावानं खेळलेली टिटवी

टिटवी पळताना कधी मागे वळून बघत नसे. खो-खोत पळणारी पोर सारखी मान वळवते, पाठलागावरची कुठवर आली ते पाहते आणि पाहता पाहताच सापडते. आम्ही सगळ्या अशाच सापडायचो. ही मात्र मान सरळ ठेवून, ओठ मिटून, बसलेल्या आठ पोरींच्या मधून सुईतून दोरा जावा तशी निघून जायची. कसं जमतं म्हणून विचारलं तर म्हणायची, "पाहून काय करतं? पाय आयकू येते ना. मानूस खोटं बोलन, पाय नाई बोलत."

तिचं खरं नाव शेवंता. टिटवी हे नाव आम्हा पोरींचं. पाठलागावर असताना ती असा "खो" ओरडायची की शेजारच्या रानातले बैल मान वर करायचे. तिला या नावाचा राग नव्हता. राग नावाची गोष्टच तिच्यात कमी होती, आणि त्याचा फायदा आम्ही घेतला. आम्ही म्हणजे मी. आता या वयात शब्द फिरवण्यात काय हशील?

आमची घरं एकाच गल्लीत, विहाराच्या मागे. आजोबांच्या वेळी दोन्ही घरं शेतमजुरांचीच. पुढे माझे बाबा शिकले, शाळेत क्लार्क झाले. तिचे वडील लवकर गेले. सातवी झाल्यावर शेवंता कापूस वेचायला जायला लागली आणि मी आठवीत गेले. जयंतीला बाबा विहारात भाषण करायचे, पोरींना शिकवा म्हणून कळवळून सांगायचे. तिची माय पुढच्या रांगेत बसून डोळे पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन वेचणीला जायची. यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही.

आमचे खेळाचे सर तेलुगू, करीमनगरकडचे. सगळे त्यांना पीईटी सर म्हणत. एकदा सायकलवरून येताना त्यांना शेवंता दिसली. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, आणि सुटलेल्या वासरामागे शेताच्या धुऱ्यावरून पळत होती. सर सांगायचे, पोरगी नाही, वासरूच दमून उभं राहिलं. त्यांनी सायकल आडवी टाकली आणि विचारलं, "ये पिल्ला किसकी है?" पिल्ला म्हणजे त्यांच्या तेलुगूत पोरगी. दुसऱ्या दिवसापासून वेचणी सुटली की टिटवी शाळेच्या मैदानावर यायला लागली.

अडचण एकच. शाळेत नाव नसलेली पोर शाळेकडून खेळणार कशी? ज्यांनी त्या काळात आमच्या सरहद्दीवरच्या गावांत मॅची पाहिल्या असतील, त्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. संघात कच्ची पोर असेल तिचं नाव फॉर्मवर घालायचं आणि मैदानात उतरवायची दुसरीच. आमची गावं मराठी, पण आंध्रात; सरकार तिकडे हैदराबादला. इथे कोण कोणाचं तोंड ओळखतंय? सर वाईट नव्हते हो. त्यांना शाळेसाठी शिल्ड पाहिजे होती. पहिल्या वर्षी टिटवी सरपंचांच्या पुतणीच्या नावानं खेळली. दुसऱ्या वर्षी आणखी एकीच्या. तिसऱ्या वर्षी माझ्या.

मॅचच्या सकाळी बसमध्ये चढली की ती पहिल्यांदा विचारायची, "आज मी कोन हाय?" हसत विचारायची, पण मग अगदी मन लावून पाठ करायची: नाव, बापाचं नाव, वर्ग, हजेरी नंबर. ती मी झाली त्या दिवशी तर तिनं मला छळलं. "तुही माय तुले घरी काय म्हनते? अन् तुले राग आला तं तू काय करते?" मी म्हटलं, "हे कोण विचारणार आहे तुला?" तर म्हणाली, "कोनी नाई विचारनार. पन व्हाचं तं नीट व्हावं ना."

ती जिल्ह्याची फायनल मी पाहिली ती लोकांत बसून, डोक्यावरून ओढणी घेऊन. माझं नाव मैदानात होतं ना, मग मला बाहेर नाव कुठलं? पंचांनी तिला विचारलं, "वडील काय करतात?" ती छाती काढून म्हणाली, "शाळेत क्लार्क हायेत." आणि मग पळाली. तिच्याबरोबरच्या दोघी बाद झाल्या, नंतर आलेल्या तिघी बाद झाल्या, आणि ही आपली चालूच. शेवटी समोरच्या संघाच्या पोरी खो द्यायचं सोडून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. शिट्टी झाली तेव्हाही ही कोणाला सापडली नव्हती. लोक ओरडत होते, "सुनंदा! सुनंदा!" खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं की मीच पळले.

परतताना बसमध्ये ती माझ्या कानाशी लागली. "सुनंदे, आज तुहा बाप माहा बाप झालता. नोकरीवाला बाप! लय बरं वाटलं वो."

दोन दिवसांनी शाळेत फोटोवाला आला. फोटोत अर्थातच शाळेतल्या पोरी. मी शिल्ड धरून मधे उभी राहिले. टिटवी वेचणीतून मुद्दाम पळत आलेली, बाजूला उभी राहून आम्हाला न्याहाळत होती. एकदम पुढे आली, वाकून मूठभर काळी माती घेतली आणि माझ्या गुडघ्यांना, पोटऱ्यांना चोळायला लागली. म्हणाली, "खेळल्यावानी दिस तं खरी! लगनाले निंगाल्यावानी हुबी हाय." सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा हसले. तो फोटो पुढे कितीतरी वर्षं हेडमास्तरांच्या खोलीत होता.

त्या फायनलच्या सर्टिफिकेटवर माझं नाव बाबांनीच लिहवून घेतलं होतं. फॉर्म भरणारे तेच, अक्षर मोत्यासारखं. मला मार्क बेताचे. ट्रेनिंग कॉलेजात खेळाडूंसाठी ठेवलेली सीट मिळाली तर मिळणार होती. हैदराबादला मुलाखतीत एका साहेबांनी हिंदीत विचारलं, "फायनल कैसे खेली, बताओ." मी सांगितलं. कशी डावीकडे झुकून उजवीकडे निघाले, खांबापाशी कशी हुलकावणी दिली. एवढंच काय, मागे का पाहत नाही तेही सांगितलं, तिच्याच शब्दांत, फक्त शुद्ध भाषेत. साहेब खूश झाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा फणा काढून बसतो.

मी मास्तरीण झाले तेव्हा टिटवी घरी आली होती. पेढा अर्धा खाल्ला, अर्धा पदरात बांधला. "तू मास्तरीन झाली, म्हंजे अर्धी मीबी झाली," म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, बेल्याकडच्या एका खेड्यात.

पंधराएक वर्षं अशीच गेली. माझी बदली तिच्या सासरच्या गावाजवळ झाली. आणि एका रविवारी ती दारात उभी. सोबत नवरा, आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी, मनीषा. पोर आईसारखीच, पाय नुसते शिवशिवणारे. तिची सरकारी खेळाच्या हॉस्टेलात निवड झाली होती. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं तिथंच.

नवरा साधा माणूस. ओसरीच्या कडेला टेकला, टोपी हातात घेतली. "मॅडम, माही माय म्हनते पोरगी बाहेरगावी ठेवाची नाई, बिघडते. हे म्हनते, मीबी जिल्ह्यापावतर खेळली, मी कुठं बिघडली? पन घरात ना कागद ना फोटू. माय म्हनते, हे खोटं बोलून राह्यली. तुमी एका शाळेतल्या. तुमी सांगा, हे खेळली होती काय? तुमी हो म्हनलं तं उद्याच पोरीले नेऊन घालतो. मायले मी पाहून घेईन."

टिटवी माझ्याकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

आता ऐका मी काय केलं ते. त्या महिन्यात जिल्ह्यात सर्टिफिकेटांची तपासणी सुरू होती. खोट्या कागदांवर लागलेल्या दोघांना घरी बसवल्याची बातमी होती. आणि नेमके मी शिकवत होते त्या शाळेचे हेडमास्तर त्या वेळी ओसरीवर चहा पीत बसलेले. चोराच्या मनात चांदणं! ती खेळली म्हटलं की हेडमास्तर विचारणार, कोणत्या वर्गात होती, आणि सातवीनंतर शाळेत नव्हती तर कोणाच्या नावानं खेळली? मला तिच्या नवऱ्याला बाजूला घेता आलं असतं. "उद्या येते तुमच्या घरी" म्हणता आलं असतं. आज मला शंभर वाटा दिसतात. तेव्हा माझी जीभच आधी पळाली.

मी म्हटलं, "शेवंता ना? हो, यायची की आमच्यासोबत. पाणी आणून द्यायची."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मनीषानंही पाहिलं. टिटवीचा चेहरा एकदा हलला आणि लगेच जागेवर आला.

"हो," ती म्हणाली. "पानीबी मीच आनत होती."

हेडमास्तर हसले. नवरा उठला, मला नमस्कार केला, "तरास देल्ला मॅडम," म्हणाला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. का गेले कोणास ठाऊक. नवरा आणि पोर पुढे निघाले तशी ती माझा हात दाबून हळूच म्हणाली, "भिऊ नका, मी काई बोलत नाई कोनाले." आयुष्यभर मला सुनंदे म्हणणारी टिटवी त्या दिवशी मला "भिऊ नका" म्हणाली.

मनीषा हॉस्टेलात गेली नाही. दहावीच्या आत तिचं लग्न झालं. तपासणी माझ्यापर्यंत आलीच नाही. नोकरी झाली, बढती झाली, पेन्शन बसली. निवृत्तीच्या समारंभात एका तरुण मास्तरांनी माझा "एके काळच्या नामवंत खेळाडू" असा उल्लेख केला, टाळ्या पडल्या, आणि मी मान लववून त्या घेतल्या. इतकी कोडगी होते मी. त्या समारंभाला टिटवीला बोलावलं नव्हतं.

ती गेल्याचं मला चार दिवस उशिरा कळलं. ताप आला, अंगावर काढला, आणि गेली. मी गेले तेव्हा घरात बायका बसलेल्या. मनीषा आता दोन लेकरांची आई. तिनं मला ओळखलं, सतरंजी झटकून घातली आणि बायकांना सांगायला लागली, "या मॅडम आईच्या मैतरीन. आई सांगे, सुनंदा मॅडमसारखं पळनारं आख्ख्या जिल्ह्यात कोनी नवतं. कोनाले सापडल्याच नाई. आई म्हने, म्या तिले सोता पाह्यलं, म्या पानी आनत होती ना."

फोटोत उभी राहिले, साहेबापुढे बोलले, टाळ्या घेतल्या, आणि लाज वाटली ती इथे, तिच्या घरातल्या सतरंजीवर. स्वतःच्या पोरीपाशीसुद्धा तिनं माझं खोटं सांभाळलं होतं. ज्या खोट्यानं त्या पोरीची वाट बंद झाली, तेच.

"मनीषा," मी म्हटलं, "मी नाही पळले. तुझी आई पळली. तीन वर्षं पळली, तीन जणींच्या नावानं. त्यातलं एक नाव माझं. ती कोणाला सापडली नाही. पाणी मी आणायला पाहिजे होतं, मी तेही आणलं नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी "अवो माय" म्हणालं. मनीषाच्या मांडीवरचं लेकरू चुळबुळत होतं, तिनं त्याला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला घालवून देईल. दोन्हीपैकी काही केलं असतं तरी मी तिथून हलकी होऊन उठले असते.

तिनं फक्त विचारलं, "मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं मॅडम? मी तिथंच उभी होती ना."